पेटीवर लावलेली गिटार

भूकंपानंतर आमच्या घराचं माळवद उतरवलं आणि वर पत्रे आले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला जमीन हादरली, तेव्हा धाराशिवात आमच्या भिंतींना नुसत्या भेगा पडल्या. पण त्यानंतर मातीच्या छताखाली निजायला कुणी धजेना. आमच्या गिटारीचे पुढचे हाल त्या पत्र्यांनी केले, म्हणून सुरुवात तिथून.

गिटार आणली सोलापुरातून. लग्नाचा बस्ता असो की डोळ्यांचा डॉक्टर, आमच्याकडे सगळं सोलापूरलाच. दादा बारावी झाला म्हणून आबांनी घड्याळासाठी दिलेले पैसे, ताईचे शिकवण्यांचे आणि आम्हा धाकट्यांच्या डब्यातली चिल्लर, असा मिळून व्यवहार. दुकानात कोलकात्याच्या गिटारी ओळीनं टांगलेल्या. आम्ही घेतली ती सगळ्यांत स्वस्त. पिशवीला वेगळे पैसे पडत होते, तेव्हा घरून नेलेल्या जुन्या चादरीत गुंडाळून एसटीत घेतली. तुळजापूरला एक गोंधळी शेजारी येऊन बसले. चादरीतून डोकावणाऱ्या खुंट्या त्यांनी निरखल्या.

"तारा किती हो हिला?"

"सहा," दादा ऐटीत म्हणाला.

"आमच्या तुणतुण्याला एकच हाय. रातभर पुरती."

शिकवणारं कुणी ओळखीत नव्हतं. होती ती आबांची पेटी, एकादशीच्या भजनाची. दुकानदारानं कागदावर ई, ए, डी, जी, बी, ई असं लिहून दिलं होतं. पांढरी एक म्हणजे सी, एवढं ताईला ठाऊक. पुढचं आबांनी बोटांवर मोजून काढलं. जाड तार पांढरी तीन, मग सहा, दोन, पाच, सात आणि शेवटची बारीक पुन्हा वरची तीन. आबा भाता मारत सूर धरून बसायचे, दादा खुंटी पिळायचा. "उतरली. चढव. अजून इवलीशी..." आणि तटकन तार तुटायची. नवी तार म्हणजे पुन्हा सोलापूर. तोवर सायकलच्या ब्रेकच्या वायरीतला एक पदर लावून भागवायचं. आवाज अगदी पत्र्याचा, पण सूर धरायची.

तिच्या तारा पट्टीपासून इतक्या उंच होत्या की पाचव्या फ्रेटच्या पुढं दाबायला कुस्तीगीर हवा. त्यामुळे आम्हा सगळ्यांचं वादन जी, सी, डी आणि ई मायनर एवढ्यावरच चाललं. आबांचा सूर काळी एक. मग पहिल्या फ्रेटवर पेन्सिल आडवी ठेवून रबरबँडनं आवळायची. सी धरला की काळी एक निघायची. अभंगाला गिटारची साथ कशी वाटते, हे शेजाऱ्यांना विचारू नये.

पहिल्याच मे महिन्यात पत्रे तापले आणि तारा जिथं अडकवतात तो ब्रिज पोटावरून सुटून वर आला. फेव्हिकॉल लावून वर वरवंटा ठेवला. तो वाळेपर्यंत घरात चटणी वाटली गेली नाही. आईनं त्यावर चकार शब्द काढला नाही, याचं आम्हाला नवल वाटलं. कारण वेगळंच होतं. तिला भूपिंदर सिंग यांचा आवाज फार आवडायचा. 'यादों की बारात'मधल्या, 1973 च्या, 'चुरा लिया है'च्या सुरुवातीची गिटार त्यांनीच वाजवलीय, हे ताईनं तिला कुठूनतरी वाचून दाखवलं होतं. तेव्हापासून गिटार हे टवाळांचं वाद्य राहिलं नाही.

दादा पुण्याला गेला तेव्हा गिटार घरीच ठेवून गेला. होस्टेलवर मित्राची चांगली होती म्हणे. ती ताईच्या हातात गेली, मग एकेक करून आमच्या. आता ती भाचीकडे आहे. ती मोबाइलवर बघून तारा लावते आणि "मामा, हिची मान वाकलीय," म्हणून दादालाच ऐकवते.

सगळे जमलो की एफ कॉर्डवरून हमखास जुंपते. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबायचं; त्या उंच तारांवर ते फक्त आपल्यालाच जमायचं, असं ताईचं म्हणणं. दादाला ते अजून मान्य नाही.