प्रदक्षिणेची दिशा
परवा फडताळ आवरताना आजोबांचा स्फटिक हातातून निसटला. तीन तुकडे झाले. मी तिथेच फरशीवर बसून राहिले.

विहिरीला सुरुंग लावल्यावर निघालेल्या काळ्या पाषाणाच्या पोकळीत तो सापडला होता. वडीसारखा तिरका, पाण्यासारखा स्वच्छ कॅल्साइट. घरात त्याला गारगोटीच म्हणत. आजोबांनी तो पंचांगावर ठेवला, तर प्रत्येक अक्षर दोनदा! फिरवला की एक अक्षर जागेवर, दुसरं त्याच्याभोवती. आजीला वाचता येत नव्हतं. बराच वेळ बघून ती म्हणाली, "एक बसलंय, एक प्रदक्षिणा घालतंय."

१८०८ साली पॅरिसमध्ये मालुसने अशाच स्फटिकातून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर चमकणारं मावळतीचं ऊन पाहिलं. स्फटिक फिरवताना दोन प्रतिमा आळीपाळीने मंदावल्या. काचेवरून परतताना प्रकाशाच्या कंपनांना एक दिशा लागली होती. त्याने या गुणाला नाव दिलं, पोलरायझेशन. पुढे छत्तिसाव्या वर्षी तो क्षयाने गेला.

मला हे सगळं लेझरच्या प्रयोगशाळेत भेटलं. निओडिमियम-यागचा रॉड दिव्यांच्या झोताने आतून तापतो, बाहेरून त्याला पाणी गार ठेवतं. त्या ताणाने रॉडच कॅल्साइटसारखा वागू लागतो. एका दिशेने कंपणारा प्रकाश आत सोडावा, तर बाहेर येईतो त्यातला काही भाग ती दिशा सोडतो. माझ्या मांडणीत जवळजवळ पाव हिस्सा वाया जात होता. "पोलरायझर तिरका बसवलायस," एक वरिष्ठ सगळ्यांदेखत म्हणाले. तीन आठवडे मी स्क्रू पिळत बसले. ते तीन आठवडे मी त्यांना अजून माफ केलेले नाहीत.

शेवटी रॉड दोन आडव्या-उभ्या पोलरायझरांच्या मध्ये ठेवला. रॉडचे दिवे बंद, तोवर किरण सोडूनही पलीकडे अंधार. दिवे लावले आणि काळी फुली उमटली, तिच्या चार कोनांत चार उजळ पाकळ्या. बसवण्यात चूक असती तर गार रॉडमधूनही प्रकाश झिरपला असता.

रॉडच्या प्रत्येक बिंदूला दोन दिशा असतात, एक गाभ्याकडे तोंड केलेली, दुसरी गाभ्याभोवती वळणारी. वहीत मी लिहिलं, 'त्रिज्येची' आणि 'प्रदक्षिणेची'. उपाय जुना, पण देखणा. तितकाच तापणारा दुसरा रॉड घ्यायचा आणि मध्ये कंपनांची दिशा नव्वद अंशांनी वळवणारा क्वार्ट्झ ठेवायचा. पहिल्या रॉडमध्ये गाभ्याकडे बघणारं कंपन दुसऱ्यात प्रदक्षिणेला लागतं, प्रदक्षिणेतलं गाभ्याकडे वळतं. एकात जे मागे पडलं, ते दुसऱ्यात तेवढंच भरून निघतं. त्या संध्याकाळी फुलीच्या पाकळ्या विझत गेल्या आणि मला आजीला फोन करावासा वाटला. ती जाऊन चार वर्षं झाली होती.

तिन्ही तुकडे तसेच तिरके तुटलेत. फडताळात विहिरीच्या कर्जाचा कागद होता, आजोबांची सही, खाली आजीचा अंगठा. सर्वांत लहान तुकडा मी त्या अंगठ्यावर ठेवला आणि हळूहळू फिरवू लागले.