इमेज एक, सेटिंग्ज अनेक

कंटेनरची इमेज एकदा तयार झाली की तिला हात लावायचा नसतो. चाचणीच्या सर्व्हरवर तपासलेली इमेजच जशीच्या तशी प्रॉडक्शनला जावी, हा कंटेनर वापरण्यामागचा मोठा हेतू आहे. पण डेटाबेसचा पत्ता, लॉगची पातळी, पासवर्ड या गोष्टी जागोजागी बदलतात. त्या इमेजमध्येच भरल्या, तर प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी इमेज बांधावी लागते आणि आधीच्या चाचणीला अर्थ उरत नाही. म्हणून सेटिंग्ज इमेजबाहेर ठेवतात. हेरोकू कंपनीतून पुढे आलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप’ या बारा तत्त्वांपैकी तिसरे तत्त्व हेच सांगते. त्याची कसोटी सोपी आहे: सगळा कोड आत्ता जगासमोर ठेवला, तर एखादा पासवर्ड उघडा पडेल का?

कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटिस या प्रणालीत यासाठी दोन सोयी आहेत. साध्या सेटिंग्जसाठी कॉन्फिगमॅप, जो २०१६ मध्ये १.२ या आवृत्तीत आला, आणि गोपनीय माहितीसाठी सीक्रेट. दोन्हींची कमाल मर्यादा १ मेबीबाइट. कॉन्फिगमॅपच्या डेटातील प्रत्येक किंमत मजकूरच असावी लागते. यॅमल फाइलमध्ये पोर्ट म्हणून ८०८० हा आकडा अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, तर तो संख्या मानला जातो आणि कुबरनेटिस ती फाइल नाकारते.

सीक्रेट या नावावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. त्यातील मजकूर बेस-६४ मध्ये लिहिलेला असतो. हे एन्क्रिप्शन नव्हे. एका कमांडने तो कोणालाही वाचता येतो. कुबरनेटिस मूळ स्वरूपात वापरले, तर एटसीडी या त्याच्या डेटाबेसमध्येही सीक्रेट एन्क्रिप्ट न होताच साठते. ते एन्क्रिप्शन वेगळे सुरू करावे लागते, वाचण्याचे अधिकार मोजक्यांनाच द्यावे लागतात आणि सीक्रेटची यॅमल फाइल गिटमध्ये उघडी ठेवायची नसते.

ही माहिती कंटेनरपर्यंत दोन वाटांनी पोहोचते. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कंटेनर सुरू होतानाच ठरतात. नंतर कॉन्फिगमॅप बदलला तरी चालू कंटेनरला पत्ता लागत नाही. व्हॉल्यूम म्हणून जोडलेल्या फाइल मात्र थोड्या वेळाने आपोआप बदलतात. त्याला अपवाद सबपाथने, म्हणजे व्हॉल्यूममधला एखादाच भाग निवडून, जोडलेल्या फाइलचा. त्या जुन्याच राहतात. शिवाय फाइल बदलली तरी अ‍ॅप्लिकेशनने ती पुन्हा वाचली पाहिजे.

यातूनच सर्वांत फसवी अडचण उद्भवते. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून येणारी लॉगची पातळी ‘इन्फो’वरून ‘डीबग’ केली आणि पॉड, म्हणजे कंटेनर चालवणारी कुबरनेटिसची एकके, रीस्टार्ट केले नाहीत, तर लगेच काहीच होत नाही. काही दिवसांनी एखादा पॉड दुसऱ्या कारणाने नव्याने सुरू होतो आणि तेवढाच नवी किंमत उचलतो. एकाच सेवेचे पॉड वेगवेगळे वागू लागतात आणि कारण शोधताना तो जुना बदल कोणाच्या लक्षातही येत नाही. या पॉडची आवृत्ती सांभाळणारे डिप्लॉयमेंट मागे फिरवूनही उपयोग नसतो, कारण त्याने कॉन्फिगमॅपमधला मजकूर मागे जात नाही.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे चालू कॉन्फिगमॅप न बदलता प्रत्येक बदलासाठी नवा कॉन्फिगमॅप बनवणे. कस्टमाइझ हे साधन मजकुरावरून काढलेला हॅश नावाला जोडते. मजकूर बदलला की नाव बदलते, डिप्लॉयमेंटमधला संदर्भ बदलतो आणि पॉड क्रमाक्रमाने नवे होतात. जुना कॉन्फिगमॅप जपून ठेवला असेल, तर मागे फिरणेही शक्य होते. कॉन्फिगमॅपला ‘इम्यूटेबल’ ठरवले, तर चुकून होणारा बदलही टळतो. ही सोय १.२१ या आवृत्तीपासून स्थिर आहे. सेटिंगमधली एक ओळ कोडमधल्या ओळीइतकीच सेवा बंद पाडू शकते. त्यामुळे गिटमधली नोंद, सहकाऱ्याची तपासणी आणि परतीची वाट या तिन्ही गोष्टी सेटिंग्जलाही लागू केल्या पाहिजेत.