आमच्या घरातली लोकल

बदलापूरच्या माणसाला घरी आल्यावर लोकलचं नाव नको असतं. म्हणून "काय ऐकतोयस?" या माझ्या प्रश्नाला चिरंजीवांनी "लोकल ट्रेन" असं उत्तर दिलं, तेव्हा मला त्यांच्या प्रकृतीची काळजी वाटली. ३४ वर्षं मीही तीच ऐकली. पण त्याचा पगार मिळत होता! मागाहून कळलं, 'द लोकल ट्रेन' हा २००८ साली चंडीगडात जमलेला बँड आहे. जिथे लोकल धावत नाही तिथेच हे नाव सुचणार.

"हे इंडी रॉक, बाबा. इंडी म्हणजे स्वतंत्र. कुठल्या कंपनीच्या हाताखाली नाही."

"म्हणजे पगार नाही."

"नाही."

शंका फिटली.

पुढे प्रकरण ऐकण्यावरून करण्यावर आलं. हल्ली म्हणे स्टुडिओ लागत नाही, आतली खोली पुरते. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातून जीन्सच्या चिंध्यांचं पोतं आलं. चिंध्या आवाज पितात. त्या चौकटींत कोंबून भिंतीला लावल्या. खिडकीला माझी गादी. सॉफ्टवेअर बेल्जियमचं. १९९७ साली ते जन्मलं तेव्हा त्याचं नाव होतं फ्रूटीलूप्स. "मुलगा आत फ्रूटीचं काहीतरी करतोय," असं मी पाहुण्यांना सांगितलं, तर ते अर्धा तास थंड येण्याची वाट पाहत बसले.

चिरंजीव एकच ठोका चार-चार तास ऐकत. अंबरनाथच्या शिवमंदिरावर १०६० सालचा शिलालेख आहे. ते अख्खं देऊळ घडवताना छिन्नीवर इतके ठोके पडले नसतील.

एके दिवशी म्हणाला, "बाबा, तुमचे टाळ हवेत."

सकाळच्या फास्ट लोकलच्या भजनी मंडळात मी तीस वर्षं टाळ वाजवले. डब्याच्या पत्र्यावर मृदंग वाजवणारे आमचे स्नेही म्हणायचे, "लय म्हणजे तुम्ही!" ते २०२१ साली गेले. टाळ तेव्हापासून माळ्यावर होते.

कानात टक् टक् करणारा ठोका मी काढून फेकला. मला लय शिकवतो? डोळे मिटून वाजवलं. डोळे उघडले तर मुलगा पडद्याकडे बघत गप्प.

"बाबा, सुरुवातीला मिनिटाला ८४ ठोके आहेत. शेवटी ११२."

तीस वर्षांची अब्रू त्या पडद्यावर उताणी पडली होती. त्यानं बिचाऱ्यानं एक कळ दाबून सगळे ठोके रेघेवर ओढून बसवले आणि मला ऐकवलं. भिंतीवरचं घड्याळ टाळ वाजवतंय असं वाटलं.

रात्रभर झोप नाही. (गादी खिडकीला, हेही एक कारण.) पहाटे उलगडा झाला. गजर दादरच्या आत संपलाच पाहिजे. तिथे निम्मं मंडळ उतरायचं! म्हणून ठाण्यापासून लय चढवायची, कुर्ल्याला मृदंगवाले भुवई उडवायचे, की मी सुटलोच. हातांना अजून दादर गाठायचं होतं.

मुलाला उठवून सांगितलं. तो हसला नाही. त्यानं रेघेवर बसवलेले ठोके पुसले, माझे मूळचे परत आणले आणि गिटार घेऊन त्यांच्या मागे धावायला लागला. कुर्ल्याला मागे पडला, पण पुढे बरा सावरला.

"पण पुन्हा घ्यावं लागेल, बाबा. शेवटी कुकरची शिट्टी आलीय."

"तीन होऊ देत," स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "मग काय ते वाजवा."