जोधपूरला निघालेला बिल्ला

व्यापारी घराण्यांना हुंडी समजावून सांगावी लागत नाही. कागदाचा एक तुकडा, त्यावर चार ओळी आणि लिहिणाऱ्याची पत; एवढ्या बळावर मारवाडात भरलेली रक्कम वऱ्हाडात मिळत असे. बँकेतील माझी बरीचशी नोकरी अशाच कागदांच्या पाठीवरील सह्या तपासण्यात गेली. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेली की मागे नोंद राहिली पाहिजे, हा त्या व्यवहाराचा आत्मा. म्हणूनच माझ्या नातीने दाखविलेला धातूचा एक बिल्ला मला चटकन उमगला.

नात पुण्यात बारावीला आहे. दिवाळीत आजोळी, म्हणजे आमच्या माजरीला आली, तेव्हा तिने मला जिओकॅशिंग नावाच्या खेळाची ओळख करून दिली. 2 मे 2000 रोजी अमेरिकेने उपग्रहांकडून मिळणाऱ्या संकेतांतील मुद्दाम ठेवलेली अचूकतेची कसर काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर यांनी एक बादली रानात ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले आणि हा खेळ सुरू झाला. आज जगभर लोक अशा डब्या लपवितात, इतर लोक त्या शोधतात आणि आतील वहीत नाव लिहितात. काही डब्यांत क्रमांक कोरलेला बिल्ला असतो. तो ज्याला मिळेल त्याने ठेवून घ्यायचा नसतो. क्रमांकाची नोंद करून पुढच्या डबीत पोहोचवायचा असतो. मालक एक, वाहणारे अनेक आणि एकमेकांना कोणी ओळखत नाही. हुंडीच्या पाठीवरील सह्यांसारखीच ही नोंदींची साखळी.

नातीच्या बिल्ल्याला एक छोटे छायाचित्र जोडलेले होते. साडी नेसलेली तरुणी आणि मागे विमान. त्या सरला ठकराल. 1914 साली दिल्लीत त्यांचा जन्म झाला. विवाह सोळाव्या वर्षी. पती पी. डी. शर्मा टपालाचे विमान चालवीत. घरात वैमानिकांची परंपरा होती. पण सुनेचे नाव उड्डाण क्लबात घालण्यासाठी सर्वांत जास्त उत्साह दाखविला तो सासऱ्यांनी. 1936 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, लाहोरला त्यांनी जिप्सी मॉथ हे विमान एकटीने आकाशात नेले. तेव्हा त्यांची मुलगी चार वर्षांची होती.

1939 मध्ये पतीचा विमान अपघातात मृत्यू झाला. तरीही व्यावसायिक परवाना मिळवायचाच म्हणून त्यांनी जोधपूरची वाट धरली. तोच दुसरे महायुद्ध सुरू झाले, नागरी प्रशिक्षण बंद पडले आणि तो परवाना राहून गेला तो कायमचाच. लाहोरला परतून त्या चित्रकला शिकल्या. फाळणीनंतर मुलींना घेऊन दिल्लीला आल्या, 1948 मध्ये पुनर्विवाह केला आणि दागिन्यांची घडण व साड्यांवरील छपाई यांत स्वतःचा व्यवसाय उभा केला. 2008 साली त्यांचे निधन झाले.

नातीने बिल्ल्याचे उद्दिष्ट लिहिले: माजरीहून निघून जोधपूरला पोहोचणे. सरलाबाईंचे जे शिक्षण जोधपुरात अडले, तिथवर निदान त्यांचे नाव तरी जावे. मी म्हटले, ‘‘अगं, आपले निम्मे नातेवाईक लग्नकार्याला मारवाडात जातात, कोणाच्याही हाती देऊ.’’ ती म्हणाली, ‘‘नाही आजोबा, ओळखीच्या माणसाने नेले तर त्यात काय? अनोळखी लोकांनी न्यायला हवे.’’ माजरीच्या अंगणात त्याचे छायाचित्र काढून तिने तो पुण्याजवळच्या एका डबीत ठेवला. पहिल्या शोधकाने तो गोव्याला नेला. जोधपूर उत्तरेला, बिल्ला दक्षिणेला! तिला त्याचे काही वाटले नाही. नोंद आहे, म्हणजे प्रवास चालू आहे.

त्याच मुक्कामात तिने मला सांगितले की तिला वैमानिक व्हायचे आहे. घरात शांतता पसरली. खर्च लाखांत, मुलीची जात, पुढे लग्नाचे कसे, हे प्रश्न जावईबापूंनी विचारले आणि ते प्रश्न खोटे नव्हते. मात्र याच घरात गोदाम वाढविण्यासाठी तारण ठेवताना कोणाला रात्रभर विचार करावा लागला नव्हता. तेव्हा मला आठवले ते सरलाबाईंचे सासरे. घरातील वडीलधाऱ्याने होकार दिला की बाकीच्यांचा विरोध मावळतो, हे आपल्या एकत्र कुटुंबांचे बळ आहे. ते मुलींच्या बाजूने क्वचित वापरले जाते.

वाट तर मोकळी झालेलीच आहे. नोव्हेंबर 1985 मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी सर्व महिला कर्मचारी असलेले फोकर विमान कोलकात्याहून सिल्चरला नेले. सहवैमानिक होत्या निवेदिता भसीन. 1 जानेवारी 1990 रोजी भसीन यांनी सव्विसाव्या वर्षी मुंबई-औरंगाबाद-उदयपूर मार्गावर बोईंग 737 चे नेतृत्व केले. आपल्या विदर्भात गोंदियाजवळ बिरसी येथे उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे.

ज्या घरांत असा प्रश्न उभा राहील, त्यांच्यासाठी जुन्या बँकवाल्याच्या चार गोष्टी. बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवे. पैसा भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. डोळ्यांत वा कानांत दोष निघाला तर फी अडकू नये. संस्थेला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता आहे ना, हे स्वतः पाहावे. व्यावसायिक परवान्यास किमान 200 तासांचे उड्डाण लागते. ते किती महिन्यांत पुरे होते हे तिथे शिकणाऱ्या मुलांना विचारावे आणि सगळी फी एकदम भरू नये. मान्यताप्राप्त वैमानिक प्रशिक्षणाला शैक्षणिक कर्ज मिळते, मोठ्या रकमेला तारण लागते.

ते तारण मी देतो, असे जावईबापूंना सांगितले आहे. माझी मुदत ठेव नाहीतरी बँकेत पडून आहे. वैद्यकीय तपासणी वार्षिक परीक्षेनंतर आहे. त्यानंतर काय ते ठरेल.