तंबाखूचा फ्रेशनेस फंडा

कोथिंबीर ताजी कशी ठेवायची हे प्रत्येकाची आई सांगते. तंबाखू ताजी कशी ठेवायची, हे मात्र कुणी शिकवत नाही. आमच्या घरात या विषयाचे दोन एक्स्पर्ट आहेत. एक नांदेडची आजी, दुसरा लातूरचा दादा. आणि गंमत म्हणजे दोघांचे फंडे एकदम उलटे!

दादा लातूरला बँकेत आहे. वन बीएचके, एकटाच. दोन वर्षांपूर्वी टपरीवरची सिगारेट सोडून तो रोलिंगवर गेला. म्हणजे पाउचमधली सुटी तंबाखू, पातळ कागद आणि स्वतःच्या हातानं वळलेली सिगारेट. या तंबाखूत थोडा ओलावा लागतो. मग ती नीट वळते, सावकाश जळते. सुकली की भुगा होतो, कागदातून गळते, भर्रकन पेटते आणि घसा सोलून काढते.

आता लातूरचा मे महिना आठवा! पाउच उघडा राहिला की तंबाखूचा पार पाचोळा. दादानं सगळे प्रयोग केले. बटाट्याची फोड टाकली, संत्र्याची साल टाकली. दोन्हींना बुरशी आली, तंबाखू बाद. फ्रीजमध्ये ठेवली, तर पाउच नीट बंद नव्हता, आणखीच सुकली. शेवटी जमलं ते असं : रबराची रिंग असलेली काचेची बरणी, आत फुटक्या माठाची एक खापरी. खापरी पाण्यात भिजवायची, पुसायची, मग ठेवायची. ती ओलावा हळूहळू सोडते, थेंब गाळत नाही. बरणी अंधाऱ्या कपाटात. तंबाखू चिमटीत दाबली की गोळा व्हावी, सोडली की मोकळी व्हावी. ज्या शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं तंबाखूची एवढी बडदास्त!

आजीचं युद्ध पावसाळ्याशी. तिच्या चंचीत कप्पेच कप्पे. एकात पान, एकात सुपारी नि अडकित्ता, एकात कात, एकात चुन्याची डबी. तंबाखू सगळ्यात आतल्या कप्प्यात, कारण ती कोरडी ठणठणीत हवी. चुना मात्र ओला, दोन थेंब पाणी घालून सारखा केलेला. जुलैमध्ये तंबाखू सर्दावली की आजी ती कोमट तव्यावर परतायची आणि सगळं घर शिंकायचं! दादाची खापरी पाहून ती म्हणाली होती, ‘‘तंबाखूला पाणी पाजायलास व्हय रे?’’

तसं पाहिलं तर मेजॉरिटी आजीचीच. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के निघाले आणि बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. आजीच्या चुन्याचंही लॉजिक आहे. चुना लावला की तंबाखूतलं निकोटिन सुटं होतं आणि तोंडातून पटकन रक्तात जातं.

मागच्या दिवाळीनंतर आजीला तिखट लागेना. गालाच्या आत, बरोबर जिथं ती चिमूट ठेवायची तिथं, पांढरा चट्टा. डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला. ते आठ दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. दादा लातूरहून अहमदपूर, लोहा करत एसटीनं आला आणि आजीच्या पायाशी बसून राहिला. रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला नाही. पण चट्ट्यावर लक्ष ठेवायचं, दर तीन महिन्यांनी दाखवायचं, तंबाखू आजपासून बंद. आजी एकाहत्तर वर्षांची. तिनं चंची झटकली आणि आतल्या कप्प्यात बडीशेप भरली. बस्स. दोन महिने सगळ्यांवर खेकसत होती, पण सोडली.

दादाचं म्हणणं, ‘‘माझं वेगळं आहे. हे नॅचरल असतं.’’ सॉरी दादा! पाउचमध्ये ओलावा टिकावा म्हणून बहुतेक वेळा ग्लिसरीनसारखे पदार्थ मुद्दाम घातलेले असतात. आणि ताजी असो की शिळी, वळलेली असो की कंपनीची, धुरात टार तेच, कार्बन मोनॉक्साइड तोच.

मला खटकतं ते दुसरंच. टपरीवर जाणाऱ्याला निदान चप्पल घालावी लागते. कधी पाऊस असतो, कधी टपरी बंद असते, कधी कंटाळाही येतो. या अडथळ्यांत एखादी सिगारेट वाचते. घरात बरणी आली की सगळे अडथळे संपले. आपण म्हणतो, तंबाखू ताजी ठेवतोय. खरं तर आपण उद्याची, परवाची, पुढच्या आठवड्याची सोय करत असतो. आजीनंही चंचीत तेच केलं, पन्नास वर्षं, अगदी नीटनेटकं.

यावर मी दादाला लेक्चर दिलं नाही. लेक्चरनं कुणी सोडत नाही, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. २०१८ पासून पाकिटांवर छापला जाणारा क्विटलाइनचा नंबर, १८००-११-२३५६, फक्त त्याच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून दिला. फोन फुकट आहे.

मागच्या महिन्यात लातूरला गेले. बरणी कपाटातच होती, निम्मी भरलेली. आतली खापरी मात्र पार कोरडी. भिजवायची राहिली की मुद्दाम भिजवली नाही, ते मी विचारलं नाही. आजीनं पाठवलेली बडीशेपेची पुडी तेवढी शेजारी ठेवून आले.