उरणाऱ्या यकृताचा हिशेब

आईच्या अंगाला आधी खाज सुटली, डोळे पिवळे झाले ते नंतर. ताप नाही, पोटात दुखणं नाही. लघवी मात्र गर्द आणि शौच पांढुरकी. कावीळ उतरवणाऱ्यांचे पत्ते येऊ लागले होते. पण आमच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी सोनोग्राफी करायला लावली. यकृतातल्या पित्तनलिका फुगल्या होत्या आणि पित्ताशय रिकामं होतं; म्हणजे अडथळा वर, यकृताच्या तोंडाशीच होता.

एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआयमध्ये, गाठ दिसली. उजवी-डावी पित्तनलिका जिथे मिळतात, नेमकी तिथे. जेराल्ड क्लॅट्स्किन या अमेरिकी डॉक्टरांनी १९६५ साली अशा रुग्णांचं वर्णन केलं, म्हणून ही क्लॅट्स्किन ट्यूमर, म्हणजे पित्तनलिकेचा कर्करोग. गाठ लहान, पण यकृताच्या मुख्य रक्तवाहिन्यांना खेटून.

सर्जन म्हणाले, "गाठ उजवीकडे सरकलीय. नलिकेबरोबर उजवं यकृतही काढावं लागेल. पण आजींचा डावा भाग लहान आहे, तेवढ्यावर भागणार नाही. आधी तो वाढवू."

बरगड्यांमधून नळी घालून तुंबलेलं पित्त बाहेर काढलं. रोज पिशवीतलं पित्त मोजून मी वहीत लिहायची. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं रक्तातलं प्रमाण, उतरल्यावर यकृताला रक्त पुरवणाऱ्या पोर्टल शिरेची उजव्या भागाकडे जाणारी शाखा आतून बंद केली, म्हणजे रक्त डावीकडे वळून तो भाग वाढेल. "गाठ आत असताना थांबायचं कसं गं?" आई विचारायची. माझ्याही पोटात गोळा यायचा. पुढच्या सीटी स्कॅनमध्ये डावा भाग वाढलेला दिसला, तेव्हा त्या थांबण्याचं मोल कळलं.

ऑपरेशन दिवसभर चाललं. उजवं यकृत, मागचा पुच्छखंड, नलिका, लसिकाग्रंथी काढल्या. नलिकेची कड लगेच तपासून घेतली आणि लहान आतड्याचा वेढा वर आणून उरलेल्या नलिकेला जोडला. नंतर जोडातून पित्त झिरपलं, पोटात पाणी झालं. आयसीयूतले दिवस कठीण गेले. पण ते वाढवलेलं डावं यकृत टिकलं. अहवालात कडा स्वच्छ, म्हणजे कर्करोगाविना, आल्या. पुढे सहा महिने केपसायटाबिन या केमोच्या गोळ्या झाल्या. हा आजार उलटू शकतो, म्हणून तपासण्या सुरूच आहेत.

उतारवयात न दुखता कावीळ आली, तर उतारे-काढ्यांत दिवस घालवू नका, सोनोग्राफी करा. कुणी "ऑपरेशन होणार नाही" म्हणालं, तरी यकृत-पित्तमार्गाच्या तज्ज्ञ सर्जनला एकदा विचारा: मागे किती यकृत उरेल आणि ते वाढवता येईल का? आमच्या आईचे उपचार याच प्रश्नावर उभे राहिले.