डोळ्यांवरची पेटी की टेबलावरचा डबा?

डिसेंबर २०२५ मध्ये आमच्या घरी एक बैठक झाली. बैठका घेण्यात आमचे अर्धे आयुष्य गेले, पण या बैठकीचे अध्यक्षस्थान काही आम्हाला मिळाले नाही. ते मुलांच्या आईकडे गेले, कारण पैसा तिचा होता. वस्तीतल्या बारा जणींची भिसी, महिन्याला अडीच हजारांची. तिचा नंबर लागला आणि ३० हजार रुपये एकरकमी हातात आले. बैठकीपुढे विषय एकच होता. या पैशातून घरचा कॉम्प्युटर सुधारायचा, की मुलाला व्हर्च्युअल रिअॅलिटीचा हेडसेट घ्यायचा?

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोहणाऱ्याच्या चष्म्यासारखी, पण चांगली जाड पेटी डोळ्यांवर बांधायची. आत दोन भिंगे असतात आणि प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळे चित्र दिसते, त्यामुळे चित्राला खोली येते. मान वळवली की चित्रही वळते. दोन्ही हातांत दोन मुठी असतात, त्यांनी तलवार चालवा नाही तर चेंडू फेका. अमेरिकेतल्या पामर लकी नावाच्या तरुणाने २०१२ मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून असा हेडसेट बनवायला घेतला आणि २०१४ मध्ये फेसबुकने त्याची कंपनी सुमारे २ अब्ज डॉलरला विकत घेण्याचे जाहीर केले. आता त्याच घराण्यातला स्वस्त हेडसेट ऑक्टोबर २०२४ मध्ये २९९ डॉलरला बाजारात आला. आपल्या हातात पडेपर्यंत त्यावर आणखी बरेच काही चढते.

आता आमची चूक कबूल करतो. मुलगा दहावीत असताना आम्ही जोशात बोलून गेलो होतो की, "ऐंशीच्या वर गेलास तर म्हणशील ते घेऊन देऊ." मे २०२५ मध्ये निकाल लागला, ८४ टक्के. त्याने म्हटले, हेडसेट. आम्ही म्हटले, बघू. राईस मिलमध्ये हिशेब लिहिणाऱ्या माणसाचे 'बघू' म्हणजे काय असते, हे आमच्या मुलांना चांगले ठाऊक आहे. तो पुन्हा बोलला नाही, आणि तेच आम्हाला जास्त लागत होते.

मिलच्या कामासाठी नागपूरला जाणे झाले, तेव्हा आम्ही त्याला मुद्दाम सोबत नेले. एका मॉलमध्ये पाच मिनिटांचे दीडशे रुपये घेऊन ही पेटी डोळ्यांवर चढवतात. आधी तो बसला, मग म्हणाला, "बाबा, तुम्ही पण बघा." आम्ही पेटी बांधली आणि क्षणात पंचवीस-तीस मजली इमारतीच्या टोकाला, एका फळीवर उभे! पाय जमिनीवर आहेत हे डोक्याला ठाऊक होते, पण गुडघ्यांना ते कोण सांगणार? आम्ही मॉलचा कठडा घट्ट धरला. आजूबाजूची पोरे हसली. खोटे कशाला बोलावे, मजा वाटली. पेटी काढली तेव्हा मुलगा आमच्याच तोंडाकडे पाहत होता. आम्ही काय पाहिले ते त्याला दिसले नव्हते, आणि त्याने काय पाहिले ते आम्हाला.

परतीच्या गाडीत आम्हाला मंडईतला डबेवाला आठवला. दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, तिथे तो रंगीत डबा घेऊन यायचा. डब्याला तीन-चार भोके, एकेकाला दोघे जण नाक घासून उभे. आत ताजमहाल सरकला की सगळी पोरे एकदम ओरडायची. भाऊ आम्हाला ढकलायचा, आम्ही बहिणीला. नव्या पेटीत ताजमहाल कितीतरी पटीने खरा असेल, पण भोक एकाच माणसापुरते.

दुसऱ्या बाजूला घरचा कॉम्प्युटर. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, आम्ही २०१९ मध्ये जुना घेतलेला. मुलाने सणावाराचे पैसे साठवून त्यात एक जुने ग्राफिक्स कार्ड बसवले, तेही २०१६ च्या बनावटीचे, आणि त्या दिवसापासून घरात त्याला 'गेमिंग कॉम्प्युटर' म्हणू लागले. नाव गेमिंग, पण बसणारे किती! मुलगी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला, ती त्यावर टॅली शिकते. वस्तीतल्या पोरांचे शिष्यवृत्तीचे महाडीबीटीचे फॉर्म त्यावरच भरले जातात. शेवटच्या तारखेच्या रात्री आमच्या दारात चपलांचा ढीग असतो. अशाच एका रात्री तो डबा मधेच बंद पडला, एका मुलीचे सगळे कागद पुन्हा चढवावे लागले आणि तिची आई बाराला घरी गेली. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ बंद केला. विंडोज ११ आमच्या जुन्या प्रोसेसरला चालत नाही. ज्या डब्यात लोकांच्या आधारची, जातीच्या दाखल्याची, बँक पासबुकाची चित्रे येतात-जातात, तो असा उघडा ठेवणे आम्हाला बरे वाटेना.

बैठकीत आम्ही हे सगळे मांडले, चांगले भाषणच केले. अभ्यास, समाज, उपयोग. मुलांच्या आईने मधेच थांबवले. "अहो, पोराले खेळाचं आहे तं खेळाचं म्हणा ना जी. काऊन प्रत्येक गोष्टीले अभ्यासाचं नाव देता? आपल्याले कोणी खेळणं घेऊन दिलं नाही, तं त्यानंही मागू नये का?"

आम्ही गप्प बसलो. खरेच, आम्ही आजवर घरात जे काही आणले ते उपयोगाच्या नावाने आणले. सायकल शाळेसाठी, मोबाइल कामासाठी. मौजेसाठी म्हणून उघडपणे काही आणल्याचे आठवेना. गरिबीने आपल्याला पैसा जपायला शिकवले हे ठीक, पण त्यासोबत लाजायलाही शिकवले की काय?

मग मुलानेच तोंड उघडले. त्याने सगळी माहिती काढून ठेवली होती. हा हेडसेट एकटाही चालतो, मोबाइलच्या जातीचा प्रोसेसर आतच असतो. पण त्याला जे मोठे खेळ हवे होते ते कॉम्प्युटरला जोडूनच चालतात. दोन डोळ्यांसाठी दोन चित्रे आणि तीही सेकंदाला सत्तर-नव्वद वेळा बदलायची, हे आमच्या कार्डाला झेपणारे नाही. चित्र मागे पडले की चक्कर येते, उलटीसारखे होते. शिवाय सततच्या खेळात बॅटरी दोन-अडीच तासच टिकते. कंपनी दहा वर्षांखालच्या मुलांना मनाई करते आणि आमच्या भावाची धाकटी सात वर्षांची, ती तर पहिली हट्ट धरणार. दुकानदार म्हणाला होता, माल बाहेरून येतो, बिघडला तर माझ्याकडे आणा, कंपनीकडे जाऊ नका. हिशेबनीस माणसाला असे वाक्य ऐकले की घाम फुटतो.

"म्हणजे आधी कॉम्प्युटरच," मुलगा म्हणाला. आवाज सरळ होता, पण तो आमच्याकडे न पाहता बोलला.

ठराव मंजूर झाला. आम्ही एकच दुरुस्ती सुचवली की सुट्या भागांची निवड तो करेल, आणि खेळ डोळ्यासमोर ठेवून करेल. अभ्यासाला जे लागते ते त्यात येतेच.

नेमका याच वेळी रॅमचा भाव भडकला होता. जगभर एआयची मोठमोठी डेटा सेंटर्स उभी राहत आहेत, मेमरीचा माल तिकडे ओढला जातो, आणि त्याची झळ गोंदियाच्या दुकानात उभ्या असलेल्या आमच्यासारख्याला बसते. मुलाने १६ जीबी लिहून आणले होते. दुकानातच बापलेकांनी कागदावर आकडेमोड केली आणि ८ जीबीचीच एक पट्टी घेतली. बोर्डावर दुसऱ्या पट्टीची जागा मोकळी आहे, भाव उतरला की भरू. प्रोसेसर, बोर्ड, रॅम आणि एसएसडी मिळून सव्वीस हजार आठशे झाले. कार्ड, मॉनिटर आणि डबा जुनाच.

दोघा भावंडांनी रात्री जमिनीवर चादर अंथरून सगळे जोडले. मुलगी टॉर्च धरून, मुलगा स्क्रू पिळतोय. पहिल्या वेळी चालू झाला नाही. एक वायर राहिली होती. काढलेला बोर्ड आणि जुनी रॅम भंगारातल्या एका रिकाम्या डब्यात बसवून मुलाने त्यावर लिनक्स टाकले. तो संच आता विहाराच्या अभ्यासिकेत चालतो, हळू का होईना.

भिसीतले तीन हजार दोनशे उरले. मुलांच्या आईने त्यातले हजार रुपये वेगळ्या पाकिटात घालून मुलाच्या हातात दिले. "नागपूरले जाशील तं त्या पेटीत बसून ये," म्हणाली. "अन् यावेळी मीही येतो. मले पाहू दे, तुझे बाबा कठडा काऊन धरत होते."

फळीची गोष्ट आम्ही घरी कोणालाच सांगितली नव्हती.